कुंडीतलं झाड आणि दारातल्या चपला

यंदाचा एप्रिल लागला आणि गल्लीतल्या बायकांच्या तोंडी पुन्हा तोच प्रश्न आला, "तुमच्याकडं कधीचं आहे?" पुंडलिकनगरात हा प्रश्न पाण्याबद्दलच असतो, दुसऱ्या कशाबद्दल नाही. पाहुण्यांना कधी बोलवायचं, गोधड्या कधी धुवायच्या, डोक्यावरून न्हायचं कधी, हे सगळं आम्ही नळाच्या दिवसावर बेततो. परवा आमचा दिवस होता. मी टाकीत पाइप सोडून पायरीवर बसले होते, तेवढ्यात पुण्याहून तनूचा मेसेज आला. "आई, आपल्या मालिकेचा तिसरा सीझन आलाय. एकटीनं बघायचा नाही हं. आबांनापण कळवलंय." मी ते वाचून हसत बसले आणि पाइप टाकीतून कधी निसटला ते कळलंच नाही. आठ दिवसांनी आलेलं पाणी अंगणातून गटारीत चाललं होतं आणि ही बाई फोनकडं बघून हसतेय! वरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या तेव्हा कुठं भानावर आले.

ती मालिका पहिल्यांदा घरात आली, तो उन्हाळा दोन वर्षांपूर्वीचा. एक मालिका, एक ऑपरेशन झालेला डोळा आणि माझं एक खोटं, एवढ्या तीन गोष्टींवर तो सबंध उन्हाळा निघाला. मालिकेचं नाव मी सांगणार नाही, सांगून काय करायचंय? भविष्यातली गोष्ट, अंतराळातलं एक अवाढव्य जहाज, त्यात शे-दीडशे माणसं, नवी पृथ्वी शोधायला निघालेली. हिंदीत डब केलेली. तनूची बारावी नुकतीच संपली होती, प्रवेश परीक्षाही झाली होती आणि निकाल लागेपर्यंत तिला दुसरा उद्योग नव्हता. ती नुसती मालिका बघायची नाही, मालिकेची चौकशी करायची. दोनशे पानी वही केली होती तिनं. कुठल्या भागात कुठल्या दारावर कोणता आकडा होता, भिंतीवरचं घड्याळ किती वाजता बंद पडलं, तीच शिट्टी पुन्हा कुणी वाजवली. बनवणाऱ्यांनी अशा खुणा मुद्दाम पेरलेल्या असतात म्हणे, आणि त्या हुडकणाऱ्यांचा इंटरनेटवर एक मोठा ग्रुप होता. जगभरातली रिकामटेकडी मंडळी, असं माझं तेव्हाचं मत. अभ्यासाच्या वहीत कधी एवढं अक्षर सुंदर आलं नव्हतं हो पोरीचं.

आणि आबा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते. आमचं गाव चितेगावच्या पुढं, पैठण रोड सोडून आत. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे, ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. आदल्या वर्षी आई गेली आणि मग आबांनी कळपही देऊन टाकला. एका वर्षात आई गेली आणि मेंढरंही गेली, मागं राहिला तो नुसता ओटा आणि ओट्यावर बसलेले आबा. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते एकच सांगायचे, "आमच्या सुमीचं लई झ्याक चाललंय शहरात. जावई म्हंजी देवमाणूस हाय." गावातून कुणीही आलं की मला हे ऐकवायचं. त्यांच्याकडं अभिमानानं सांगायला तेवढंच उरलं होतं.

आणि तेवढंच खरं नव्हतं. तनूचे बाबा आणि मी त्या जानेवारीत वेगळे झालो होतो. मारझोड नाही, आरडाओरडा नाही, बाहेरचं काही नाही. दोन माणसं एका घरात राहून एकमेकांना नकोशी होतात, तसे आम्ही झालो होतो. त्यांनी शहरातच छावणी भागात एक खोली घेतली, तनू रविवारी त्यांच्याकडं जायची. आबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे मी एकटीनंच ठरवलं. बायको गेली, मेंढरं गेली, आता लेकीचा संसारही मोडला, हे या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? मला खरोखर भीती वाटायची की हे ऐकलं तर आबा त्या ओट्यावरून उठायचेच नाहीत. म्हणून तनूला दम दिला, तिच्या बाबांना फोन करून सांगितलं की आबांचा फोन आला तर ड्युटीवर आहे म्हणा. ते भले माणूस आहेत, ते म्हणाले, "बरं."

मग मी जे काय मांडलं, ते आता आठवलं तरी कपाळाला हात लावावासा वाटतो. तनूचे बाबा चितेगावच्या एका कारखान्यात शिफ्टला होतेच. मी आबांना सांगितलं की सध्या कामाचा फार रेटा आहे, ते तिकडंच मुक्काम करतात, मधूनमधून तासाभरासाठी घरी येऊन जातात. आणि ते तासभर येणं आबांना 'दिसावं' म्हणून मी खुणा पेरू लागले. त्यांच्या जुन्या काळ्या चपला घरातच राहिल्या होत्या. त्या दाराशी ठेवल्या. रोज जरा हलवायच्या, एकदा डावी पुढं, एकदा उजवी. एक निळा सदरा राहिला होता, तो धुऊन दोरीवर घालायचा. स्वयंपाकाच्या ओट्यावर चहाचा एक कप जास्तीचा, उष्टा केलेला. आबा संध्याकाळी मंदिराच्या चौकापर्यंत चालून आले की मी म्हणायची, "आबा, आत्ताच गेले बघा ते. दोन मिनिटांची चुकामूक झाली." आबा म्हणायचे, "व्हय का? बरं बरं." एका घरात दोन मालिका चालू होत्या. एकीच्या खुणा तनू शोधत होती, दुसरीच्या मी पेरत होते.

आता हे कुणापुढं करत होते मी? तर जन्मभर खुणांवर जगलेल्या माणसापुढं! मुळात आमच्या घरात मेंढरं मोजत नाहीत. बोट दाखवून एक, दोन, तीन म्हणायचं नाही, कळपाला नजर लागते अशी आमच्या लोकांची समजूत. लहानपणी मी एकदा मोजली होती तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. आणि त्याच घरातली पोर पुढं सातवी-आठवीला गणित शिकवायला लागली, याचं आबांना फार हसू यायचं. तर न मोजता कळप कसा राखायचा? संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी, म्हणजे जाळीच्या कुंपणाला ठेवलेल्या फटीपाशी, आबा उभे राहायचे. मेंढरं त्यांच्या गुडघ्याला घासून आत जायची. सगळी आत गेली की ते घटकाभर उगं राहायचे आणि म्हणायचे, "मोरी आली नाय." शंभरावर तोंडं, आणि न आलेलं एक बरोबर ध्यानात! मी विचारलं होतं, आबा, कसं कळतं? तर म्हणाले, "समदी आल्यावर जीव गार पडतो. आज पडला नाय."

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ऊन, धूळ, वाकणं सगळं बंद केलं. काळा चष्मा लावून आबा दिवाणावर बसून राहायचे. चार दिवसांनी चष्मा काढून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत बसले आणि म्हणाले, "निळं आसं आसतंय व्हय? म्या तर इसरूनच गेलो व्हतो." तनूकडं डोळ्यात थेंब घालायचं काम होतं. दुपारी पडदे ओढून, कुलर लावून ती मालिका बघत बसायची आणि थेंब घातल्यावर आबा तिथंच टेकायचे. कुलरमध्ये घालायला पाणी नसायचं, नुसती गरम हवा यायची. मी शाळेतून पेपर तपासून घरी यायची, तर ही दोघं अंधाऱ्या खोलीत अंतराळात गेलेली.

आबांना ना ती हिंदी धड कळायची, ना ती नावं. त्यांनी सरळ आपली नावं दिली. कपाळावर पांढरी बट असलेली कप्तानीण, ती चांदी. तोंडभर ठिपके असलेला डॉक्टर, तो काबऱ्या. इंजिनाकडचा दांडगा गडी, तो एडका. तनू आधी वैतागली. मग आठ दिवसांत तिच्याही वहीत तीच नावं आली. मी एकदा वही उघडली तर लिहिलं होतं, "भाग चार : काबऱ्या खोटं बोलतोय, पाणी पिताना चांदीकडं बघत नाही (आबा)." कंसातलं ते 'आबा' वाचून मला काय वाटलं, सांगता येत नाही. तनूच्या बाबांच्या जाण्यानंतर ती पोर मुकी झाली होती. विचारलं तेवढंच बोलायची. ती आता दिवसभर आजोबांशी भांडत होती आणि मला स्वयंपाकघरात ते भांडण ऐकायला फार गोड लागायचं.

एक दिवस जहाजातल्या जेवणाचा प्रसंग चालू होता. लांबलचक टेबल, सगळे हसताहेत. आबा एकदम म्हणाले, "थांबव गं पोरी. एक कमी हाय."

"आबा, कुणी कमी नाहीये. सगळे आहेत."

"नाय नाय. जीव गार पडंना. मागं नेऊन बघ."

तनूनं मागं नेलं, चित्र थांबवलं, जुन्या भागातलं टेबल काढलं, दोन्ही शेजारी लावून बघितली. खरंच, कोपऱ्यात बसणारी एक बाई नव्हती. कधी एक वाक्य न बोललेली, नाव नसलेली बाई. दोन भागांनंतर तिचंच प्रकरण निघालं. तनूनं आबांच्या पायाला हात लावला, नाटकी, पण लावला. "आबा, तुम्ही भारी आहात!" आबा म्हणाले, "त्यात काय भारी? गरीब मेंढरू हरवलं तर लवकर ध्यानात येत नाय. म्हून त्येच्याकडंच आधी बघायचं असतंय."

पण खरी कमाल केली ती कुंडीनं. जहाजातल्या लांब बोळात दोन्हीकडं गोल खिडक्या होत्या आणि मध्ये एका कुंडीत हिरवं रोप. माणसं त्याच्यापुढून धावायची, भांडायची, गळ्यात पडायची. त्या रोपाकडं कुणाचं लक्ष असायचं? सहाव्या भागात आबांनी पुन्हा थांबवायला सांगितलं. म्हणाले, "हे झाड आधी डावीकडं कललेलं व्हतं. आता उजवीकडं कललंय."

"कुणीतरी कुंडी फिरवली असेल," तनू म्हणाली.

"कुंडीला चीर हाय बघ. चीर हाय तिथंच हाय. कुंडी नाय फिरली. उजेड फिरला."

तनू उठून उभी राहिली. उजेड फिरला म्हणजे सूर्य दुसऱ्या खिडकीत आला. म्हणजे जहाजानं तोंड फिरवलं होतं! नवी पृथ्वी नाही की काही नाही, ते मुकाट्यानं माघारी घरी चाललं होतं आणि आतल्या माणसांना त्याचा पत्ताच नव्हता. आबा शांतपणे म्हणाले, "त्या चांदीला ठाऊक हाय. पर ती सांगंना. माणसं भितील म्हून." मी दारात उभी होते. हातात पेपरांचा गठ्ठा होता, तो मी उगाच दुसऱ्या हातात घेतला.

तनूनं ते ग्रुपवर टाकलं. जगभरातल्या हुशार लोकांनी तिला वेड्यात काढलं. कुणी म्हणालं, सेट लावणाऱ्यांची चूक असेल. शेवटच्या भागात चांदीनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं की आपण केव्हाच वळलो आहोत, तेव्हा तेच लोक विचारायला लागले की हे तुमचे आबा कुठल्या विद्यापीठात असतात.

या खुणा शोधण्याच्या नादाला मी आधी नावं ठेवायची. आता ठेवत नाही. पुन्हा पुन्हा बघणं म्हणजे काय, तर कुणाला तरी आपण विसरलो नाही ना याची खात्री करणं. तनूच्या मालिकेत खुणा ठेवणारा माणूस असतो, त्याला वाटत असतं की कुणीतरी बघावं. घरातल्या खुणा तशा नसतात. त्या सांडलेल्या असतात, आणि ज्यानं सांडल्या त्याला त्या लपवायच्या असतात. त्या दिसल्या तरी दिसल्या असं म्हणायचं की नाही, हे बघणाऱ्याच्या मनावर असतं. आबा अजून मालिका बघतात. तनूनं त्यांच्या फोनवर लावून दिलीय. गावात तळ्याच्या बांधावरच इंटरनेट चालतं, म्हणून सकाळी बांधावर बसून बघतात आणि पुण्याला फोन करून तिला झोपेतून उठवतात. ती मला सांगते, "आई, आजचा शोध ऐक." हे दोघं माझ्यावाचून बोलतात, याचा मला जरासा हेवाही वाटतो, खोटं का सांगू.

तर त्या उन्हाळ्यात, आबांना येऊन महिना होत आला तेव्हा, एक दिवस नाना येऊन उभे राहिले. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. डोळा बघायला आले होते, पिशवीत कैऱ्या आणि गवार घेऊन. मला न कळवता. आबांना गुंडाळणं वेगळं, नानांना कसं गुंडाळायचं? त्यांचं तोंड म्हणजे गावची दवंडी. मी पाणी दिलं, चहा टाकायला आत गेले आणि कान बाहेर ठेवला. नानांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, जावई दिसंना?"

चहात साखर किती टाकली, आठवत नाही. मी पुढं होऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात आबांचा आवाज आला, "आत्ताच गेला की रं. दोन मिनिटाची चुकामूक झाली बघ तुमची."

माझं वाक्य होतं ते. जसंच्या तसं. संध्याकाळी मी आबांना ऐकवत होते ते, आणि आबांना तर चांगलं ठाऊक होतं की सकाळपासून घरात कुणी आलेलं नाही, ते स्वतः दाराशीच बसले होते. नाना म्हणाले, "व्हय, चपला तर हायती दारात." आबा म्हणाले, "त्या घरातल्या. कामावर बूट घालून जातो त्यो. सकाळी दुधाला गेलता त्या घालून, बघ की, चिखल वाळला नाय आजून."

मी दारात येऊन बघितलं. आदल्या दिवशी पाणी आलं होतं, सगळी गल्ली ओली होती. तनूच्या बाबांच्या चपला चिखलानं भरल्या होत्या. मी लावला नव्हता तो चिखल. तनूनंही नाही, ती उठलीच नऊला. आबांच्या टायरच्या जाडजूड वहाणा मात्र कोपऱ्यात कोरड्याठाक पडल्या होत्या, आणि दूध आणायला सकाळी आबाच गेले होते. त्या चपला त्यांच्या पायाला दोन बोटं तरी लहान होत्या. त्या घालून माझा म्हातारा बाप चौकापर्यंत गेला होता आणि टाचा बाहेर टाकत परत आला होता. मी आत जाऊन नळ नसलेल्या दिवशी नळ सोडून उभी राहिले.

नाना जेवून दुपारच्या गाडीनं गेले. तनू आतल्या खोलीत होती. मी आबांपुढं जमिनीवर बसले आणि विचारलं, "आबा, कधीपासून ठाऊक आहे?"

"तिसऱ्या दिशीपून," आबा म्हणाले. "आगं, चालत्या माणसाच्या चपला रोज येगळ्या दिसत्यात. ह्या नुसत्या जागा बदलायच्या. आन् त्यो निळा सदरा! पाण्याचा येवढा ठणठणाट, बादली बादली जपून वापरतीस, आन् न मळलेला सदरा दर चार दिसाला धुतीस? मला वाटलं आता बोलावं, न्हाय तर ह्या सदऱ्यापायी घरातलं पाणी संपंल."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. किती दिवसांचं होतं कोण जाणे. आबा माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले, मेंढराच्या पाठीवर ठेवावा तसा, जड आणि शांत.

"मग बोलला का नाही?"

"तू येवढं जिवापाड मांडलं व्हतंस. म्या मोडायचं कशाला? तुला सांगावं वाटंल तव्हा सांगशील. नानाचा फोन आलता मला, येतो म्हून. तुला घोर नगं म्हून बोललो नाय, नुसत्या चपला भरवल्या. त्यो बी मेंढरामागंच हिंडलाय, कोरडी चप्पल त्येला दिसली असती."

"मला तुमची भीती वाटत होती, आबा. तुमच्याकडं तेवढंच उरलंय असं वाटायचं. गावभर सांगता ना, जावई देवमाणूस आहे, सुमीचं झ्याक चाललंय."

आबा म्हणाले, "माय, ते म्या माझ्यासाठी सांगत नव्हतो. वरीस झालं, फोनवर तुझा आवाज उतरलेला ऐकत व्हतो. काय झालंय ते कळंना. मनात आलं, उद्या काय निघालं तर गाव पोरीलाच बोल लावंल. म्हून आधीच सांगत सुटलो. तुला आधार म्हून."

म्हणजे बघा, मी त्यांचा म्हणून जो अभिमान जपत होते, तो त्यांनी माझ्यासाठी उभा केला होता. दोघंही एकमेकांसाठी खोटं बोलत होतो आणि दोघांनाही त्याचं ओझं होत होतं. मला माझ्या बापाबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं, आणि स्वतःची इतकी लाजही. शाळेत मुलांना मी सांगते की उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या दाखवा. मी एकही पायरी कुणाला दाखवली नव्हती.

"नानाला खरं सांगू का?" आबांनी विचारलं. "तू म्हणशील तसं. तुझी मर्जी नसंल तर जावई जन्मभर कामावर हाय."

मी लगेच हो म्हणाले नाही. इतकी शूर मी नाही. दोन दिवस घेतले. गावातल्या चुलत्या, चुलतभावंडं, कुणाच्या लग्नात कोण काय कुजबुजेल, सगळं डोळ्यापुढं नाचून गेलं. तनूच्या बाबांना फोन केला, त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "मामांना माझा नमस्कार सांग. मला त्यांच्याशी खोटं बोलताना कसंतरीच व्हायचं." तिसऱ्या दिवशी सकाळी मी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं आणि मळता मळता म्हणाले, "आबा, सांगा नानांना."

मला वाटलं, सावकाश कधीतरी सांगतील. आबांनी तिथंच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून फोन लावला. ते नेहमी स्पीकरवरच बोलतात. मी एक भाकरी थापायला घेतली.

"नाना, परवा म्या तुझ्याशी खोटं बोललो. जावई इथं राहत नाय. जानेवारीपून दोघं येगळी राहत्यात. भांडण नाय, तंटा नाय, पटलं नाय. त्यो बी वाईट नाय आन् माझी सुमी बी वाईट नाय. तू समद्यास्नी सांग. आन् कुणाला काय इचारायचं आसंल, त्यानं मला इचारायचं. तिला इचारलेलं मला चालायचं नाय. म्या आजून महिनाभर हितंच हाय."

मी हात थांबवून ऐकत होते. मग नाना म्हणाले, "दादा, सुमी हाय का तिथं?"

"हाय. भाकरी करतीय."

"तिला म्हणावं, त्या कैऱ्या तशाच ठिवू नगं, पिवळ्या पडतील. आन् म्हणावं, लोणचं घातलं की एक बरणी चुलत्याला धाडून दी."

एवढंच. लोक काय म्हणतील, ही जन्मभराची भीती होती माझी, आणि ती एवढ्याशा बोलण्यात संपली. मी भाकरी उचलून तव्यावर टाकायला गेले, पण डोळ्यांत पाणी, तवा दिसेना. ती मधोमध मोडून पडली, अर्धी तव्यात, अर्धी शेगडीच्या कडेला. आबांनी फोन ठेवला, उंबऱ्यावरूनच वाकून बघितलं.

"मोडली व्हय?" ते म्हणाले. "मोडू दी. तीच वाढ मला."